आपलंच रक्त आपल्याला: फायदा मोजायचा कशाने?

पेटची तयारी करताना संशोधन समस्या कशी निवडायची हे आपण घोकतो. पण परिणाम मोजायचा कशाने, हा प्रश्न मागे राहतो. बायपासचं उदाहरण घेऊन तो समजून घेऊ.

बायपासनंतर रुग्णाच्या छातीत नळ्या ठेवतात. हृदयाभोवती पाझरणारं रक्त त्यांतून बाटलीत जमा होतं. एरवी ते टाकूनच देतात. आपल्या संभाजीनगरात उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की रक्तदान शिबिरं कमी होतात आणि एकेका पिशवीसाठी नातेवाइकांची धावपळ होते. मग बाटलीतलं रक्त रुग्णालाच परत दिलं तर?

त्याच्या दोन पद्धती आहेत. एक, रक्त फक्त गाळून परत देणं. अमेरिकेत शॅफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये बायपाससारख्या शस्त्रक्रियांनंतर परत दिलेल्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरी, सेल सेव्हर यंत्रात रक्त घुसळून, सलाईनने धुऊन फक्त लाल पेशी परत देणं. यात चरबी, फुटलेल्या पेशींचा कचरा जातो. पण प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटकही जातात.

फायदा किती? २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात शस्त्रक्रियेदरम्यान किंवा नंतर रक्त परत देण्याच्या ७५ चाचण्या एकत्र तपासल्या. हृदय शस्त्रक्रियांत दुसऱ्याचं रक्त लागण्याची शक्यता साधारण २३ टक्क्यांनी कमी दिसली.

आता इथे थांबा. पिशवी 'लागली' म्हणजे काय? ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि कोणाला स्वतःचं रक्त मिळालंय हे बहुतेक चाचण्यांत त्यांना माहीत होतं. म्हणजे हात आखडता घेतला गेला असेल, तर फायदा फुगून दिसणार. हे आढावाकारांनीही नोंदवलंय. उपाय सोपा आहे: हिमोग्लोबिन किती खाली गेल्यावर पिशवी द्यायची, हे आराखड्यात आधीच लिहायचं.

दुसरी मेख अजून बारीक. शस्त्रक्रियेत हृदयाच्या स्नायूला इजा होते, त्यामुळे छातीतल्या रक्तात सीके-एमबी हे एन्झाइम भरपूर असतं. ते रक्त न धुता परत दिलं की रुग्णाच्या तपासणीत आकडा वाढतो. नवा हार्ट अटॅक आला की फक्त बाटलीतलं एन्झाइम अंगात गेलं, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही.

तुमचा विषय शिक्षणशास्त्र असो की रसायनशास्त्र, आराखड्यात परिणामासमोर दोन प्रश्न लिहा: हा आकडा कोणाच्या निर्णयावर ठरतो? आणि माझा उपचारच या मोजपट्टीला हलवतोय का? गाइडसमोर बसण्याआधी यांची उत्तरं तयार ठेवा.