‘घर बांधणे’ आणि ‘घर घेणे’ : एका निर्णयाची मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठीत सर्वतोमुखी आहे. तीत ‘बांधून’ ह्या रूपाच्या जागी ‘घेऊन’ हे रूप कोणी योजीत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. घराची खरेदी-विक्री पूर्वीही होत असे. परंतु सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग म्हणून जी गोष्ट म्हणीत शिरली, ती बांधण्याची होय. आज नगरवासी मराठी माणसाच्या बोलण्यात ‘घर घेतले’ हा प्रयोग त्याहून अधिक ऐकू येतो. हा बदल केवळ वाक्प्रचाराचा नाही. ‘बांधणे’ ह्या क्रियेचा कर्ता स्वतः गृहस्थ असतो. ‘घेणे’ ह्या क्रियेत मात्र देणारा कोणी दुसरा असावा लागतो, आणि तो नेमके काय देतो हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

नवे घर बांधावे की तयार घर घ्यावे, हा प्रश्न बहुधा खर्चाचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः खर्चाचा विचार करण्यापूर्वी शब्दांचे अर्थ निश्चित करावे लागतात. कारण ‘घर घेतले’ ह्या एकाच वाक्याने कोणी भूखंड, कोणी बांधून झालेली सदनिका, कोणी अद्याप कागदावरच असलेली सदनिका, तर कोणी साठ वर्षांचे जुने घर सूचित करतो. ह्या चारही व्यवहारांत मिळणारा हक्क निराळा, धोका निराळा आणि कायद्याचे संरक्षणही निराळे असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून ह्या भेदांचे विवेचन केले आहे.

२. दस्त, ताबा आणि मालकी

बोलण्यात ‘व्यवहार झाला’ असे म्हणतात ते बहुधा साठेखत झाल्यावर. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी मालकी बदललेली नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ह्याच्या ५४ व्या कलमानुसार विक्रीचा करार हा आपल्या बळावर त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाऊ शकते. साठेखत हे विक्रीचे वचन होय, खरेदीखत ही विक्री होय. कुलमुखत्यारपत्रावर घरे ‘विकण्याचा’ प्रघात देशात अनेक ठिकाणी पडला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही असा निर्वाळा दिला.

‘ताबा’ आणि ‘मालकी’ ह्यांतील भेदही असाच दुर्लक्षिला जातो. किल्ली हातात येणे हा ताबा. ती किल्ली पुन्हा कोणी मागू शकणार नाही, अशी स्थिती म्हणजे मालकी. जुना वाडा विकत घेणाऱ्यास हा भेद विशेष जाणवतो. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने, आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने, भाडेकरूस जे संरक्षण दिले ते मालक बदलल्याने संपत नाही. वाड्यात पाच बिऱ्हाडे असतील तर नव्या मालकास मालकी मिळते, परंतु राहण्यास जागा मिळेलच असे नाही.

३. ‘भोगवटा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

बांधण्यासाठी भूखंड पाहणाऱ्याने सातबारा उतारा वाचावा लागतो. गाव नमुना सात हा हक्कांचा व गाव नमुना बारा हा पिकांचा. दोहोंचा मिळून सातबारा. नगरभूमापन झालेल्या क्षेत्रात त्याऐवजी मालमत्ता पत्रक असते. सातबाऱ्यावर जमीन धारण करणाऱ्यास ‘भोगवटादार’ म्हटलेले असते, आणि त्यापुढे लिहिलेला वर्ग महत्त्वाचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्यानुसार वर्ग १ च्या भोगवटादारास जमीन हस्तांतरित करण्याचा हक्क निर्बंधरहित असतो; वर्ग २ च्या भोगवटादाराच्या हक्कावर निर्बंध असतात आणि हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागू शकते. ‘वर्ग २’ ही दोन अक्षरे न वाचल्यामुळे आयुष्याची पुंजी अडकून पडू शकते. ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचा हक्क वा न्यायालयीन दाव्याची नोंद असू शकते. म्हणून तो रकाना आणि फेरफारांची परंपरा पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

हाच ‘भोगवटा’ शब्द ‘भोगवटा प्रमाणपत्र’ ह्या संज्ञेत सर्वस्वी भिन्न अर्थाने येतो. तेथे त्याचा संबंध जमिनीच्या धारणाप्रकाराशी नसून इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली व राहण्यास योग्य आहे ह्या दाखल्याशी आहे. ‘भोगवट्याचे कागद आहेत’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो सातबाऱ्याविषयी बोलतो की प्रमाणपत्राविषयी, हे विचारणे आवश्यक ठरते.

‘चटई’ ह्या शब्दाचीही तीच गत आहे. ‘चटई क्षेत्र’ म्हणजे सदनिकेतील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे त्यात आतील विभाजक भिंती धरतात, बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरीत नाहीत. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ ही संज्ञा मात्र भूखंडाच्या क्षेत्रफळाशी सर्व मजल्यांच्या एकूण बांधकामाचे प्रमाण दाखविते. २,००० चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल तर सर्व मजले मिळून, भिंतींसह, सर्वसाधारणपणे २,००० चौरस फूट बांधता येते. तेवढी जागा चटई अंथरण्यास मोकळी मिळत नाही. बांधणाऱ्याचा हिशेब एका ‘चटई’वर आणि घेणाऱ्याचा दुसऱ्या ‘चटई’वर चालत असल्यामुळे दोन पर्यायांची प्रति चौरस फूट तुलना पुष्कळदा फसवी ठरते.

४. बांधणाऱ्याची बाजू

घर स्वतः बांधण्याचे लाभ उघड आहेत. मुद्रांकशुल्क भूखंडाच्या मूल्यावर द्यावे लागते, पुढे होणाऱ्या बांधकामाच्या खर्चावर नव्हे. पाया किती खोल गेला, सळई कोणती पडली, हे गृहस्थ स्वतः पाहू शकतो. वृद्ध आईवडिलांसाठी तळमजल्यावर खोली, पुढे मजला चढविण्याची सोय, ह्या गोष्टी तयार घरात शोधाव्या लागतात. बांधताना त्या नकाशात घालता येतात.

परंतु पाहू शकणे आणि पाहणे ह्यांत अंतर आहे. काँक्रीट घातल्यावर त्यास पाणी मारण्याचे काम साध्या सिमेंटच्या बाबतीत निदान ७ दिवस व मिश्र सिमेंटच्या बाबतीत निदान १० दिवस चालावे, असे भारतीय मानक ४५६ (२०००) सांगते. हे काम बिनकौशल्याचे दिसते म्हणूनच त्याची हेळसांड होते, आणि झालेली हेळसांड गिलाव्याखाली झाकली जाते. ज्याची नोकरी शंभर मैलांवर आहे व ज्याच्या घरातील दुसरे कोणी जागेवर थांबू शकत नाही, त्याने ‘स्वतः’ बांधलेले घर हे वस्तुतः ठेकेदाराने बांधलेले घर असते. तेथे त्याचे संरक्षण १८७२ च्या करार अधिनियमाखाली केलेल्या लेखी करारात जेवढे असेल तेवढेच. मजुरीचा दर कोणत्या मोजमापाने, साहित्य कोणी पुरवायचे, कामाच्या कोणत्या टप्प्यास किती पैसे, आणि विलंबाची भरपाई कशी, ही चार कलमे ज्या करारात नाहीत तो करार अपुरा होय.

५. घेणाऱ्याची बाजू

चालू बांधकामातील सदनिका घेणाऱ्यास पूर्वी जवळजवळ बांधणाऱ्याइतकाच धोका पत्करावा लागे. नियंत्रण मात्र मुळीच नसे. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियमाने विकासकावर माहिती उघड करण्याचे, सहकारी संस्था स्थापण्याचे व जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन घातले. तरीही असंख्य संस्थांच्या नावे जमीन झाली नाही. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. जुन्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्याने हा प्रश्न अवश्य विचारावा : इमारतीखालची जमीन कोणाच्या नावे आहे? इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा सदनिकेचे मोल ह्याच उत्तरावर अवलंबून राहते.

२०१६ च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियमाने ह्या क्षेत्रात महत्त्वाचे बदल केले. करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकास मनाई झाली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आले. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघालेल्या रचनात्मक दोषांची दुरुस्ती विकासकाने विनामूल्य करावी असे ठरले. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही, आणि एका व्यक्तीने दुसरीस विकलेले जुने घर ह्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तालुक्याच्या गावी सहा सदनिकांची छोटी इमारत उभी राहते तेव्हा हा अपवाद ध्यानात ठेवावा लागतो.

जुन्या घराचा गुण असा की त्याचे दोष दिसू शकतात : चार पावसाळे गेलेल्या भिंतीवरील ओल लपत नाही. तथापि सर्वच दोष डोळ्यांना दिसतात असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींची व मातीच्या जड धाब्यांची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. पिढ्यान् पिढ्या उभी असल्यामुळे ती घरे बळकट मानली जात. भिंतींचे दोन थर परस्परांत नीट गुंफलेले नव्हते, ही गोष्ट मात्र बाहेरून दिसत नव्हती. घर उभे आहे ह्यावरून ते सुरक्षित आहे असे अनुमान निघत नाही. म्हणूनच ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आवश्यक केली आहे. अन्यत्रही जुने घर घेणाऱ्याने स्थापत्य अभियंत्याचा अहवाल घ्यावा; खरेदीच्या मानाने त्याचा खर्च नगण्य असतो.

६. काळाचे मूल्य

दोन्ही पर्यायांची तुलना करताना काळाचा हिशेब बहुधा राहून जातो. एक उदाहरण कल्पून पाहू. एक गृहस्थ दरमहा १५,००० रुपये भाड्याच्या घरात राहतो आणि द.सा.द.शे. ९ दराने ३० लक्ष रुपये कर्ज काढून घर बांधतो. बांधकामास १८ महिने लागतात व कर्ज टप्प्याटप्प्याने, सारख्या गतीने मिळते असे धरले, तर त्या काळात सरासरी १५ लक्षांवर व्याज पडते. ते २,०२,५०० रुपये होते. तेवढ्याच काळाचे भाडे २,७०,००० रुपये. म्हणजे घरात पाऊल टाकण्यापूर्वीच ४,७२,५०० रुपये खर्च झाले, आणि त्यांपैकी एकही रुपया विटेत वा सिमेंटात गेला नाही. काम पुढे सहा महिने रेंगाळले तर पूर्ण कर्जावरील व्याज १,३५,००० व भाडे ९०,००० मिळून २,२५,००० रुपयांची भर पडते. तयार घर घेणाऱ्यास हा खर्च जवळजवळ येत नाही. शिवाय भोगवटा प्रमाणपत्रानंतर विकलेल्या सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागत नाही. चालू बांधकामातील सदनिकेवर १ एप्रिल २०१९ पासून तो सामान्यतः ५ टक्के व परवडणाऱ्या वर्गातील सदनिकेवर १ टक्का ठरविण्यात आला.

बांधण्यास अधिक काळ लागतो हे कायद्यानेही गृहीत धरले आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या ५४ व्या कलमात जुने घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर सवलत देताना नवे घर घेण्यास विक्रीनंतर २ वर्षांची, परंतु बांधण्यास ३ वर्षांची मुदत ठेवण्यात आली.

७. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून असे दिसेल की ‘स्वस्त काय’ हा प्रश्न पहिला नसून शेवटचा आहे. प्रथम हक्क पाहावा : दस्त, उतारा, बोजा, जमिनीची मालकी. हक्क सदोष असेल तर घर कितीही सुंदर असो, विचार तेथेच थांबवावा. त्यानंतर रचना पाहावी : बांधावयाचे असल्यास देखरेख कोण करणार, घ्यावयाचे असल्यास तपासणी कोणी केली. तिसऱ्या पायरीवर काळ, आणि चौथ्या पायरीवर पैसा.

ह्या क्रमाने गेल्यास पुष्कळ प्रकरणांत उत्तर आपोआप स्पष्ट होते. ज्याच्याकडे वडिलोपार्जित निर्वेध भूखंड आहे, ज्याचे सध्याचे राहणे बिनभाड्याचे आहे आणि ज्याच्या घरातील एक जाणते माणूस रोज जागेवर जाऊ शकते, त्याने बांधावे. त्याच्या बाबतीत काळाचा खर्च कमी व देखरेखीचा लाभ पूर्ण असतो. निवृत्तीस चारपाच वर्षे उरलेल्या, भाड्याने राहणाऱ्या व परगावी नोकरी करणाऱ्या शिक्षकाने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, जमीन संस्थेच्या नावे झालेले तयार घर घेणे अधिक श्रेयस्कर होय. बांधण्याची हौस त्याला नसते असे नाही. परंतु विलंब सोसण्यास लागणारी वर्षे त्याच्यापाशी नसतात.

मूळ म्हणीत ‘पाहावे’ हे क्रियापद अनुभव घेण्याच्या अर्थाने आले आहे. आजच्या गृहस्थाने ते त्याच्या साध्या अर्थानेही घ्यावयास हरकत नाही. घर बांधावयाचे असो की घ्यावयाचे, सही करण्यापूर्वी प्रत्येक कागदावरील प्रत्येक संज्ञेचा अर्थ पाहून घ्यावा. तेवढे पाहिलेले असले म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने मिळालेले घर मनाला स्वस्थता देते.