सहलीचा कागद आणि भरती-ओहोटी

आम्ही बेंबळीहून बोलतोय. मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वह्यांवर बोललो. आज विषय सहलीचा आहे, पण कागद यातही आहेच. सहल किती ठरवून करायची आणि किती मोकळी सोडायची, हे आम्हाला एका कागदाने शिकवलं. तो कागद आम्हीच केला होता, म्हणून दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या अकरा जणी घरच्यांना घेऊन कोकणात जाऊन आलो. आठ लेकरं, एक सासूबाई आणि दोघींचे मालक, अशी सगळी मिळून बावीस माणसं. बाकीच्यांचे मालक हरभऱ्याला पाणी द्यायला मागे राहिले. वर्षभर महिन्याला तीनशे रुपये आम्ही वेगळ्या पेटीत टाकत होतो. गटाच्या बचतीला हात लावला नाही. ती बचत बी-बियाण्याच्या, दवाखान्याच्या कर्जासाठी फिरत असते. सहलीची पेटी वेगळी आणि वहीही वेगळी, हे पहिल्या बैठकीतच ठरलं होतं.

एसटीने जावं असं आधी वाटत होतं. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. पण एसटी तिच्या वेळेने धावते. समुद्र दिसला म्हणून ती थांबत नाही. म्हणून छोटी गाडी ठरवली, वाटेल तिथं थांबता येईल म्हणून. आणि मग हातातला तो मोकळेपणा आम्हीच कागदावर खर्चून टाकला.

मोबाइलवर बघून आम्ही तीन दिवसांत तेरा ठिकाणं लिहिली. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, दिघी, जंजिरा, मुरूड, काशीद, अलिबाग, आणि मधली देवळं. प्रत्येकापुढे वेळ टाकली. अकरा वाजता दर्शन, बाराला प्रदक्षिणा, एकला जेवण, दोनला पुढे. आता हसू येतं. पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकींनी तुळजापूर, येरमाळा, पंढरपूर आणि माहेर यापलीकडे गाव पाहिलेलं नव्हतं. घरातून निघणंच मुश्किल. पुन्हा कधी सोडतील कोण जाणे, म्हणून एकदाच सगळं बघून घेऊ, असं प्रत्येकीच्या मनात होतं. ज्याला पुन्हा येण्याची खात्री नसते, तो कागद असाच भरतो.

रात्री नऊला निघालो. पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून सकाळी हरिहरेश्वरला पोचलो. तिथं देवळामागून दगडी पायऱ्या खाली समुद्रापर्यंत उतरतात आणि खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. ही वाट ओहोटीलाच चालायची. भरतीच्या लाटा थेट खडकावर येतात, आणि तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरत होतं. पण ते नशीब होतं, आमच्या कागदात तसलं काही पाहिलेलं नव्हतं.

सासूबाईंचं वय सत्तरच्या पुढे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. एका खडकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे एवढं पाणी, आन् आपण टँकरच्या पाठी पळतो." त्यांना अजून बसायचं होतं. आम्ही घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "चला आजी, जेवणाची वेळ झाली." त्या काही न बोलता उठल्या. त्या दिवशी आम्ही पाच ठिकाणं केली. रात्री दिवेआगरला विचारलं, काय काय पाहिलं, तर लेकरांना एकाही देवळाचं नाव सांगता येईना. आजींना फक्त तो खडक आठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीला आलो. दिघीहून आगरदांड्याला खाडी ओलांडायला मोठी बोट असते. तिथले लोक तिला जंगल जेटी म्हणतात. माणसं, मोटारसायकली, गाड्या, सगळं तिच्यावर चढतं. आमच्यापुढे गाड्यांची रांग होती. एक फेरी हुकली आणि तास गेला. आम्ही कागद काढून बसलो, आता जंजिरा किती वाजता, काशीद किती वाजता. लेकरं मात्र धक्क्यावर उभी राहून गाड्या मागे घेत घेत बोटीवर कशा चढतात ते बघत होती. आणि आमच्यातल्या चौघी सुकी मासळी विकणाऱ्या बायांजवळ जाऊन बसल्या.

त्या तासात जे कळलं ते कागदावर कुठंच नव्हतं. बोंबील दोरीवर वाळवतात, जवळा जमिनीवर पसरतात, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हाच माल घर चालवतो. जास्त भाव कशाला, तर नीट निवडून, वाळू न लागू देता वाळवलेल्या मालाला. आमचा गट शेंगदाण्याची चटणी आणि डाळी विकतो. खडा, कचरा न लागू देता वाळवण कसं करायचं ही दोघींचीही तीच डोकेदुखी. आमच्यातल्या एकीने तिची चटणी काढून दिली, त्यांनी मूठभर सोडे दिले. पिशवी कुठून आणता, कशी बंद करता, हे विचारून झालं. बोटीचा भोंगा वाजला तेव्हा त्या चौघींना ओढून आणावं लागलं. याला सहलीतला फुकट गेलेला वेळ म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

पण हुकलेल्या तासाची किंमतही होतीच. आता काय गाळायचं? गाडीत भांडण झालं. लेकरांना काशीदचा किनारा हवा होता, मोठ्यांना जंजिरा. ड्रायव्हरदादा म्हणाले, मी सांगतो तसं करा. शेवटी हात वर करून ठरवलं, लेकरांचाही हात मोजला. काशीद गेलं. दोन लेकरं तोंड फुगवून बसली, पण कोणाच्या तरी मर्जीने ठरलं असं कोणी म्हटलं नाही.

आता त्या दिवसाची दुसरी गोष्ट. मुरूडच्या खानावळीत आम्ही बावीस मासळीच्या ताटांचे पैसे आगाऊ दिले होते. स्वस्त पडतं म्हणून. आणि तो दिवस निघाला एकादशीचा! सात जणींचा उपवास, दोघी माळकरी. घरी भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असतं, दूध-गॅसची नोंद त्यावरच करतो, आणि सहलीची तारीख ठरवताना तिथी कोणी पाहिली नाही. पैसे परत मिळाले नाहीत. उपवासवाल्यांनी केळी आणि कोकम सरबतावर दिवस काढला. ती ताटं आम्हाला पुढे आणखी एका ठिकाणी महागात पडली.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्यात तासाभराचा वेळ मिळतो आणि मग सगळ्यांना एकदमच परतायचं असतं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. आमच्या भागातल्या माणसाला त्या तलावांपुढून हलवत नाही. होडीवाल्या दादांशी बोलताना आम्ही म्हटलं, उद्या नऊला अलिबागचा कुलाबा किल्ला, चालत जायचंय. ते हसले. म्हणाले, "उद्या तिथी काय? द्वादशी. मग नवाला तिथं पूर्ण भरती."

त्यांनी सांगितलेला हिशोब लिहून ठेवा, तुम्हाला येणारच आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. साधारण तेवढ्या वाजता कोकण किनाऱ्यावर भरती पूर्ण भरते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. बारा तासांनी पुन्हा भरती, आणि दोन्हींच्या मध्ये, साधारण सहा तासांनी, ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्याला भांग. थोडं मागेपुढे होतं, म्हणून तिथं गेल्यावर स्थानिक माणसाला विचारायचंच. पण घरी बसून तारीख ठरवायला एवढं पुरतं. ज्या कॅलेंडरात एकादशी होती, त्याच चौकोनात भरतीही होती.

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून आत आहे. ओहोटीला लोक चालत जातात, भरतीला होडी लागते. द्वादशीला ओहोटी तीनच्या सुमारास. तोपर्यंत थांबलो तर घरी पोचायला पहाट झाली असती, आणि सकाळी गाडी दुसऱ्या भाड्याला जायची होती. होडीने जावं तर बावीस जणांच्या तिकिटाचे पैसे पेटीत उरले नव्हते. मासळीच्या ताटांनी ते आधीच खाल्ले होते.

आमच्यासोबत दहावीतली एक मुलगी होती. ती या किल्ल्यासाठीच आली होती. कान्होजी आंग्र्यांवर तिने शाळेत भाषण केलेलं होतं. रात्री अलिबागला खोलीत बैठक घेतली, तिला समोर बसवून सगळा हिशोब सांगितला. ती रडली. आम्हालाही काही सुचेना. सकाळी किनाऱ्यावर उभं राहून पाण्यातला किल्ला लांबून पाहिला. मग गावातल्या कान्होजींच्या समाधीपाशी तिला घेऊन गेलो. तिथं तिने आम्हाला ते भाषण म्हणून दाखवलं. चांगलं झालं. पण तिला किल्ल्यात जायचं होतं आणि आमच्या कागदामुळे ते राहिलं, हे खरंच आहे.

परत आल्यावर बैठकीत हाच विषय निघाला. गटातल्या एका ताईंची मुलगी सासरच्या माणसांसोबत मुंबईहून गोव्याला मोठ्या प्रवासी जहाजाने जाऊन आली होती. ती म्हणाली, तिथंही हेच. जहाज बंदराला लागलं की उतरून फिरायला मिळतं. जहाजवाल्यांची सहल घेतली तर पैसे जास्त, पण त्यांची गाडी रस्त्यात अडकली तर जहाज सहसा थांबतं. स्वतः रिक्षा करून गेलात तर स्वस्त आणि मोकळं, पण उशीर झाला तर जहाज निघून जातं. म्हणून त्यांनी लांबचं ठिकाण जहाजवाल्यांबरोबर केलं आणि जवळचा बाजार आपल्या पायांनी हिंडला. आम्हाला हे पटलं. जिथं चुकलं तर परतता येत नाही तिथं बांधून घ्यायचं, जिथं चुकलं तरी फार बिघडत नाही तिथं सोडून द्यायचं.

त्यावरून आम्ही यंदाचा कागद केलाय. मालवणला जायचं आहे, सिंधुदुर्ग किल्ला बघायला. १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी भर समुद्रात आहेत, त्या आम्हाला बघायच्याच आहेत. पावसाळ्यात तिथल्या होड्या बंद असतात, म्हणून हिवाळाच. तारीख कॅलेंडर समोर ठेवून ठरवली, एकादशी-चतुर्थी टाळून.

कागदावर दिवसाला एकच गोष्ट वेळेसकट लिहिली आहे. पहिल्या दिवशी मुक्कामाची जागा, दुसऱ्या दिवशी किल्ल्याची होडी, तिसऱ्या दिवशी परतीची निघायची वेळ. आणि वेगळ्या रंगात म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या वेळा. त्याखाली ठिकाणांची यादी आहे, पण पुढे वेळ नाही. जमलं तर जमलं. जेवणाचे पैसे आगाऊ द्यायचे नाहीत. पेटीतला दहावा हिस्सा कशाला ते न ठरवता तसाच ठेवायचा, त्यातून होडी निघेल नाहीतर लेकरांचं आइस्क्रीम. बेत बदलायचा तर हात वर करून. गटाचे दोन भाग करावे लागले तर प्रत्येक भागात एक फोन, एक मोठं माणूस, आणि भेटायची वेळ होडीच्या तासभर आधीची.

एका गोष्टीवर हात वर करायचे नाहीत. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट, लहानथोर सगळ्यांना, आणि माणसांची मोजणी. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं बुडाली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जॅकेट नसेल किंवा होडी खच्चून भरलेली असेल तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, दुसऱ्या फेरीला जायचं. नदीकाठी वाढलेली, पोहायला येणारी बाईसुद्धा समुद्रात नवखीच असते.

दहावीतली ती मुलगी आता अकरावीला आहे. किनाऱ्यावरची होडी किती वाजता सुटते, फोन करून विचारायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. तिथीचा हिशोबही तिनेच करून वहीत लावलाय. सासूबाईंनी पेटीत या महिन्याचे पैसे सगळ्यांच्या आधी टाकले. कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, मालवणला समुद्राकाठी बसायला कट्टा आहे का. विचारून सांगतो म्हटलंय.