तळहाताएवढा गुण्या

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात ॲबी नदीवर बाल्स ब्रिज नावाचा पूल आहे. १८३० साली तिथला जुना पूल काढून नवा बांधताना वास्तुकार जेम्स पेन यांना पायाच्या दगडाखाली गवंड्याचा एक छोटा पितळी गुण्या सापडला. गंजून खडबडीत झालेला. त्यावर १५०७ हे साल आणि प्रेमाने, सरळपणे जगण्याचा एक संकल्प कोरलेला आहे. आपल्याकडे लोक गुण्यागोविंदाने नांदतात. त्यातल्या ‘गुण्या’चा सुताराच्या गुण्याशी संबंध असो वा नसो, लिमरिकच्या गवंड्याला तो नक्की पटला असता.

तेवढाच लहान गुण्या आज तिथल्या रेल्वे-मॉडेल करणाऱ्यांना लागतो. आयरिश रुळांमधलं अंतर ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर. फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात ते बरोबर २१ मिलिमीटर होतं. (आपल्या ब्रॉडगेजचं २२ होईल.) दुकानातली तयार मॉडेल्स मात्र बहुतेक १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. ज्याला २१च हवेत, त्याला गाडीचा सांगाडा स्वतः जुळवावा लागतो. ६० फुटी डबा या प्रमाणात २४० मिलिमीटर लांब. त्याच्या एका कोपऱ्यात अर्धा अंश चूक राहिली, तर दुसऱ्या टोकाला बाजू २ मिलिमीटर सरकलेली दिसते. सुताराचा मोठा गुण्या तर डब्यात मावतही नाही.

म्हणून छोटा गुण्या घरी करायचा. पात्यासाठी स्टीलच्या पातळ फूटपट्टीचा ५० मिलिमीटरचा तुकडा घ्यावा. तिच्या दोन्ही कडा सहसा सरळ आणि समांतर असतात. दांड्यासाठी ३० मिलिमीटर लांब, ३ मिलिमीटर जाड अशा दोन पितळी पट्ट्या. पातं त्यांच्यामध्ये एका टोकाला धरायचं आणि उरलेल्या फटीत त्याच फूटपट्टीचा तुकडा भरायचा. तो दांड्याच्या कडेबाहेर येता कामा नये. आतल्या कोपऱ्यात, पातं दांड्याला मिळतं तिथे, पितळेला कानशीने बारीकशी खाच द्यावी. ही खाच विसरू नका. कापलेल्या पत्र्याची कुसळं आणि वाळलेला गोंद तिथेच अडकतो, आणि मग चांगला गुण्याही खोटं बोलतो.

चिकटवायला सावकाश सुकणारं अरल्डाइट बरं. झटपट गोंद कोन सुधारायला वेळच देत नाही.

आता खरा प्रश्न: हा कोन काटकोन आहे, हे ठरवायचं कशावरून? दुसऱ्या गुण्यावरून म्हणाल, तर तो बरोबर आहे हे कोणी सांगितलं? सुदैवाने दुसरा लागतच नाही. एक सरळ कड असलेली फळी घ्या. कड फक्त सरळ हवी, बाकी फळी कशीही असो. दांडा कडेला टेकवून पात्याच्या एका कडेने धारदार सुरीने बारीक रेघ मारा. मग गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा आधी उजवीकडे होता तर आता डावीकडे. पात्याच्या त्याच कडेने, फळीच्या कडेवरच्या त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या, तर काटकोन. फाकल्या, तर दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. ४० मिलिमीटर अंतरावर ०.४ची फट दिसली, तर चूक ०.२ची. डोळ्याला न दिसणारी चूक अशी दुप्पट होऊन समोर येते. या युक्तीची मला सर्वांत जास्त मजा वाटते.

रेघ दांड्यापासून लांब कलली तर कोन मोठा, दांड्याकडे झुकली तर लहान. अरल्डाइट ओलं असेल तर पातं किंचित सरकवा. सुकल्यावर लक्षात आलं, तर काचेवर कडेपर्यंत बारीक सँडपेपर पसरून, पातं काचेबाहेर ठेवून दांड्याची आतली कड घासायची: कोन मोठा असेल तर पात्याजवळ, लहान असेल तर दुसऱ्या टोकाकडे. चार-सहा वेळा घासून पुन्हा दोन रेघा.

वापरताना काच हीच जमीन. दांड्याची बाहेरची कड आतल्या कडेला समांतर असेल, तर दांडा काचेवर टेकवला की पातं सरळ उभं राहतं. डब्याची बाजू आणि टोकाची भिंत त्याला भिडवून आधी एका टिपक्याने चिकटवावी, कोन पाहावा, मग पूर्ण सांधा भरावा. सांगाड्यात आसही तसाच तपासायचा: दांडा सांगाड्याच्या लांब कडेला, पातं आसाला. पातं आणि आस यांच्यामधून उजेडाची पाचर दिसली, तर आस तिरका आहे आणि गाडी वळणावर रूळ सोडू शकते.

गुण्या टेबलावरून फरशीवर पडला, तर वापरण्याआधी फळी काढून पुन्हा दोन रेघा माराव्यात.