व्हायरल केला म्हणजे तक्रार झाली?

“व्हिडिओ काढलाय, दहा ग्रुपवर टाकलाय, आता आयोग बघून घेईल.” निवडणूक आली की बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायली-वाराशिवनी पट्ट्यात हे ऐकून ऐकून कान किटतात. नाही हो, आयोग तुमच्या ग्रुपवर नसतो. आणि फिरत फिरत तो व्हिडिओ एखाद्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलाच, तर त्याचा पहिला प्रश्न असतो: कुठला आणि कधीचा? दारूच्या पेट्या काल रामपायलीत उतरल्या की पाच वर्षांपूर्वी भलत्याच जिल्ह्यात, हे नुसत्या चित्रावरून कोण सांगणार?

यासाठीच निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप आहे. मध्य प्रदेशात ते 2018च्या विधानसभा निवडणुकीपासून वापरात आहे. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच काढायचा. गॅलरीतलं जुनं काही ते घेत नाही. फोन जिथे आहे ते ठिकाण आपोआप नोंदलं जातं, म्हणून भरारी पथकाला पत्ता विचारत हिंडावं लागत नाही. तक्रारीचा निपटारा 100 मिनिटांत व्हावा असं बंधन आहे. लोकसभा 2024च्या घोषणेपासून 29 मार्चपर्यंत 79,000हून जास्त तक्रारी आल्या आणि सुमारे 89 टक्के त्या मुदतीत निकाली निघाल्या, असं आयोगानेच जाहीर केलं होतं. त्यांपैकी 58,500हून जास्त तक्रारी बेकायदा फलक-बॅनरच्या होत्या. पैसे, दारू, भेटवस्तू यांच्या जेमतेम 1,400. बॅनरचा फोटो काढायला सगळेच शूर!

पैशांच्या पाकिटाचा फोटो काढताना हात थांबतो, कारण ‘पुढाऱ्याला नाव कळतं’ हा दुसरा समज. अ‍ॅपमध्ये नाव न देता तक्रार करता येते. मग पुढे काय झालं ते मात्र तुमच्या फोनवर कळत नाही, एवढीच त्याची किंमत.

“मग बालाघाटचा व्हिडिओ कसा चालला?” हा प्रश्न येणारच. 27 नोव्हेंबर 2023ला बालाघाटमध्ये टपाली मतपत्रिका हाताळतानाचा व्हिडिओ फिरला. विधानसभेची मतमोजणी 3 डिसेंबरला होती, त्यामुळे ‘मोजणी आधीच उरकली’ अशी आवई उठली. काँग्रेसने तक्रार केली, कार्यपद्धतीतल्या चुकीबद्दल अधिकारी निलंबित झाला. पण मतपत्रिकांची मतदारसंघवार विभागणी चालू होती आणि ती पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चालू होती, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. माणसं गठ्ठे लावताहेत एवढंच त्या व्हिडिओत दिसत होतं. मतं मोजताहेत हे पाहणाऱ्यांनी आपल्या मनाने जोडलं. कारवाई व्हिडिओमुळे सुरू झाली हे खरं, पण त्याने मोजणी सिद्ध झाली नाही.

बाकीचे समज झटपट. मोबाइलवरून ईव्हीएम फिरवता येतं? त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. सिग्नल घेणार कशाने? मतदान करतानाचा सेल्फी हा पारदर्शकतेचा पुरावा? उलट गुप्ततेचा भंग. सरपंचाच्या निवडणुकीतही हेच अ‍ॅप? पंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, हे अ‍ॅप भारत निवडणूक आयोगाचं.

महाराष्ट्राच्या सीमेवरच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 19 एप्रिल 2024ला बालाघाट आणि भंडारा-गोंदिया इथे एकाच दिवशी मतदान होतं. अशा वेळी सीमेवरच्या बावनथडी नदीच्या ज्या काठावर फोन असेल, त्या जिल्ह्याकडे तक्रार जाते. पण 2023च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात विधानसभेची किंवा लोकसभेची निवडणूक नव्हती. तेव्हा पलीकडच्या काठावरून अ‍ॅप तक्रार घेतच नव्हतं.