हजेरी बदलली, तरी पालकांना जुनीच का दिसते?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोह्याजवळच्या आमच्या शाळेत एक मुलगी एसटी उशिरा आल्यामुळे मागे पडली. हजेरीच्या वेबसाइटवर मी आधी 'गैरहजर' लावलं होतं, ती आल्यावर लगेच 'हजर' केलं. अकराच्या सुमाराला तिच्या आईचा पेणहून कामावरून फोन आला. "बाई, ती सकाळीच निघालीय घरून. मग गैरहजर कशी?" मी मुलीकडेच फोन दिला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझ्या स्क्रीनवर 'हजर' आणि त्यांच्या स्क्रीनवर 'गैरहजर'. असं कसं?

एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी आठवा. "पेणची गाडी किती वाजता?" हे शंभर जण विचारतात. दर वेळी रजिस्टर उघडण्यापेक्षा साहेब वेळ फळ्यावर लिहून टाकतात. सर्व्हरही असंच करतो. डेटाबेसमधून एकदा काढलेलं उत्तर तो जवळ ठेवतो आणि पुढच्यांना तेच देतो. याला कॅशे म्हणतात (पैशांची कॅश नव्हे!). काम झटपट होतं. पण रजिस्टरमध्ये वेळ बदलली आणि फळा कोणी पुसलाच नाही, तर? आमचं तेच झालं. शिक्षकांचं पान थेट रजिस्टर वाचत होतं, पालकांचं पान फळा.

मग चूक शोधायची कशी? आधी दुसऱ्या फोनवर, ज्यावर ते पान कधीच उघडलेलं नाही, तिथे बघा. तिथे नवं दिसलं तर जुनं उत्तर बहुधा पहिल्या फोनच्या ब्राउझरमध्येच अडकलंय. तिथेही जुनंच असेल, तर संशय सर्व्हरवर. पण थांबा, आधी डेटाबेसमध्ये नवी नोंद खरंच झाली आहे का ते पाहायला सांगा. कितीदा तरी 'सेव्ह' दाबायचंच राहिलेलं असतं आणि बोल लागतो कॅशेला! पान पुन्हापुन्हा उघडल्यावर एकदा नवं, एकदा जुनं दिसत असेल, तर बहुतेक सर्व्हर दोन आहेत, म्हणजे फळेही दोन, आणि पुसलाय एकच.

संगणकावर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला 'नेटवर्क' भाग उघडला की उत्तरासोबत आलेल्या सूचना दिसतात. त्यात 'एज' असेल, तर उत्तर किती सेकंद जुनं आहे ते कळतं. मात्र प्रोग्रामने आतल्या आत, उदाहरणार्थ रेडिसमध्ये, ठेवलेल्या उत्तराचं वय तिथे सहसा दिसत नाही. ते बनवणाऱ्यालाच तपासावं लागतं. आमच्याकडे तसंच होतं. उत्तराची मुदत एक तासाची, आणि हजेरी बदलल्यावर ते पुसायची ओळच लिहिलेली नव्हती. नुसती मुदत कमी करून भागत नाही. पाच मिनिटंसुद्धा त्या आईला तासासारखी वाटली असती.

याहून वाईट चूक म्हणजे एकाचं खाजगी उत्तर सगळ्यांच्या फळ्यावर लिहिणं. 25 डिसेंबर 2015 रोजी 'स्टीम' या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर हेच घडलं. हल्ल्यामुळे वाढलेला भार पेलायला कॅशेचे नियम बदलले, ते चुकले, आणि लोकांना दुसऱ्याच ग्राहकांची पानं दिसू लागली. कंपनीनेच सांगितलं की सुमारे 34,000 जणांची माहिती अशी इतरांना दिसली असू शकते. शाळेत याचा अर्थ एकाच्या मुलाचे गुण दुसऱ्याच्या घरी. म्हणून ठेवलेल्या उत्तराच्या नावात विद्यार्थ्याची ओळख हवीच. नुसतं 'इयत्ता चौथी' एवढं नाव चालणार नाही. आणि खाजगी पानाला 'नो-स्टोअर' ही सूचना हवी. 'नो-कॅशे' नाही, कारण नाव काहीही असलं तरी त्याचा अर्थ 'ठेवा, पण देण्याआधी विचारा' असा होतो.

आता आमच्या पानावर हजेरीखाली 'शेवटचा बदल' आणि वेळ दिसते. पालकहो, ती वेळ जुनी वाटली तर रिफ्रेश करत बसू नका, आधी शाळेत फोन करा. मग स्क्रीनशॉट पाठवा, वेळेसकट. चूक शोधणाऱ्याला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.