स्विंग युगातील मुंबईचे वाद्यवृंदप्रमुख मिकी कोरिया : वादनकारकीर्द आणि ध्वनिमुद्रित पुरावा

बीजशब्द : सॅक्सोफोन, स्विंग, गोमंतकीय वादक, ध्वनिमुद्रिका, हिंदी चित्रपटसंगीत

प्रस्तावना :

सॅक्सोफोन हे वाद्य महाराष्ट्रातील सर्वसामान्य श्रोत्यांना प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटते. एक म्हणजे हिंदी चित्रपटगीते आणि दुसरे म्हणजे लग्नाच्या वरातीतील बॅण्डपथके. या दोहोंच्या आधी मुंबईत या वाद्याचे एक तिसरे घर होते. ते म्हणजे मोठ्या हॉटेलांतील नृत्यदालने. इ. स. १९३५ ते १९६० या कालखंडात तेथे जॅझ संगीताची एक समृद्ध परंपरा नांदली. सॅक्सोफोनवादक व वाद्यवृंदप्रमुख मिकी कोरिया (१९१३-२०११) हे या परंपरेचे एक प्रमुख प्रतिनिधी होत. त्यांनी १९३९ ते १९६० अशी तब्बल २१ वर्षे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमधील वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. तथापि, एवढ्या दीर्घ कारकीर्दीच्या तुलनेत तबकड्यांवर उरलेले त्यांचे संगीत अत्यल्प आहे. संगीताचा इतिहास केवळ ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिल्यास काय निसटते, याचा विचार कोरिया यांच्या उदाहरणावरून करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सॅक्सोफोन आणि स्विंग शैली :

बेल्जियन वाद्यनिर्माते अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे सॅक्सोफोनचे एकस्व घेतले. वाद्याची नळी पितळी असली तरी त्यातील नाद वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून निर्माण होतो. त्यामुळे पितळेचा जोम आणि मानवी कंठाची आर्द्रता हे दोन्ही गुण या वाद्यात एकत्र येतात. आरंभी लष्करी बॅण्डमध्ये वापरले जाणारे हे वाद्य विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या हाती आले आणि जॅझचा प्रमुख आवाज बनले.

१९३५ च्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या 'स्विंग' शैलीत मात्रेची समान विभागणी केली जात नाही. एका मात्रेचे तीन भाग कल्पिले, तर साधारणपणे पहिला सूर दोन भाग लांबतो व दुसरा उरलेल्या एका भागात येतो. या विषमतेतून नृत्याला अनुकूल असा झोका निर्माण होतो. वाद्यवृंदात सॅक्सोफोनचा स्वतंत्र गट असतो. चार-पाच वादक एकच चाल एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवर वाजवतात. ट्रम्पेट व ट्रॉम्बोन यांचा गट त्यांना उत्तर देतो. मधूनच एखादा वादक ठरावीक आवर्तनांत उत्स्फूर्त वादन करून पुन्हा समूहात मिसळतो. आपल्याकडील गायक ताना घेऊन समेवर येतो, त्याच्याशी या रचनेचे काहीसे साम्य आहे. मात्र समूहाचा भाग आधी लिहून काढावा लागतो. म्हणून स्वरलेखन वाचता येणे ही अशा वाद्यवृंदातील वादकाची प्राथमिक पात्रता ठरते.

मुंबईतील पार्श्वभूमी :

ही पात्रता गोमंतकीय वादकांकडे पूर्वीपासून होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. या शिक्षणाच्या बळावर अनेक वादक मुंबई, कराची, कलकत्ता येथे आणि पूर्व आफ्रिकेतही उपजीविकेसाठी गेले.

त्यांना जॅझची प्रत्यक्ष ओळख झाली ती अमेरिकन कलावंतांमुळे. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलमध्ये आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी मुंबई गाजवली. वेदरफोर्ड यांच्या वाद्यवृंदात फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादकही होते. जॅझमधील उच्चार, आघात आणि उत्स्फूर्तता कागदावर पूर्णपणे उतरत नाहीत. ती सहवासातूनच शिकावी लागतात. या अर्थाने हॉटेलचा रंगमंच हा गोमंतकीय वादकांसाठी गुरुगृहच ठरला.

मिकी कोरिया यांची कारकीर्द :

कोरिया यांचा जन्म १९१३ मध्ये मोंबासा येथे एका गोमंतकीय कुटुंबात झाला. त्यांचे बालपण व सांगीतिक जडणघडण कराचीत झाली. पुढे मुंबईत आल्यावर १९३९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ताजमहाल हॉटेलच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

हॉटेलमधील वृंदप्रमुखाचे काम मैफलीच्या कलावंतापेक्षा वेगळे असते. श्रोते समोर बसून ऐकण्यासाठी नव्हे, तर जेवण्यासाठी व नाचण्यासाठी येतात. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुम्बा अशा नृत्यांचा क्रम ठरवणे, दालनातील पावलांचा अंदाज घेऊन लय निश्चित करणे, वादकांत शिस्त राखणे आणि स्वतः सॅक्सोफोन गटात वाजवणे, ही सर्व कामे एकाच व्यक्तीला करावी लागतात. दुसरे महायुद्ध, फाळणी व स्वातंत्र्य अशा स्थित्यंतरांतून हे काम सलग २१ वर्षे सांभाळणे, ही स्वतंत्र महत्त्वाची कामगिरी आहे.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमहाल हॉटेलमध्ये झालेल्या स्वातंत्र्यसोहळ्यात कोरिया आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदांनी वादन केले. ज्या मंचावर बारा वर्षांपूर्वी ॲबी यांचा परदेशी वाद्यवृंद उभा होता, तेथे त्या रात्री गोमंतकीय वादकांचे नेतृत्व होते. मुंबईचे जॅझ आता या शहराचे स्वतःचे झाले होते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण आहे.

ध्वनिमुद्रित पुराव्याच्या मर्यादा :

या काळातील मुंबईच्या जॅझचा तबकड्यांवर ठसा अगदीच उमटला नाही असे नाही. क्रिकेट स्मिथ यांच्या 'सिम्फोनियन्स' वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मेना सिलास यांची 'ताजमहाल' ही रचना ध्वनिमुद्रित केली. वेदरफोर्ड यांच्या अनेक ध्वनिमुद्रिका कलकत्त्यात तयार झाल्या. चिक चॉकलेट यांच्याही तबकड्या निघाल्या. परंतु ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. नृत्यदालनात मात्र वादकाला उत्स्फूर्त वादनासाठी हवा तेवढा अवकाश मिळे. शिवाय हॉटेलच्या वाद्यवृंदाला वेतन मिळे ते रोजच्या वादनाबद्दल. तबकडी हे त्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन नव्हते.

ही अडचण केवळ भारतापुरती नाही. अमेरिकेत वादकसंघटनेने ऑगस्ट १९४२ मध्ये ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. त्यामुळे १९४३ मध्ये अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी एकत्र वाजवत असताना त्या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या नाहीत. तरीही जॅझच्या इतिहासात त्या वाद्यवृंदाला मानाचे स्थान आहे. कारण सहवादकांच्या आठवणी तेथे साक्षेपाने नोंदवल्या गेल्या. फरक संगीताच्या दर्जापेक्षाही दस्तऐवजीकरणाच्या सवयीचा आहे.

चित्रपटसंगीतातील अदृश्य वारसा :

१९५० मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी पूर्णत्वाने अमलात आली. रात्रीच्या करमणुकीचे अर्थकारण त्यामुळे आक्रसले. याच काळात चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते व त्यांना स्वरलेखन वाचणाऱ्या वादकांची गरज होती. कोरिया यांच्या वाद्यवृंदातील पियानोवादक ल्युसिला पाशेको यांनी चित्रपटसंगीतातही काम केले. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट यांना त्यांच्या साथीदारांसह पडद्यावरही आणले.

मात्र तबकडीवर वादकांची नावे छापण्याचा प्रघात नव्हता. 'महल' (१९४९) मधील प्रसिद्ध गीताच्या मूळ तबकडीवर लता मंगेशकर यांच्याऐवजी 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले गेले होते. मुख्य गायिकेची ही स्थिती, तर सॅक्सोफोनवादकाची काय असणार? पुढे गायकांना श्रेय मिळू लागले. वादक बहुतांशी निनावीच राहिले. म्हणजे नृत्यदालनात वादकाचे नाव होते पण मुद्रण नव्हते, आणि चित्रपटात मुद्रण होते पण नाव नव्हते. स्विंग युगातील मुंबईचा वादक या दोन पोकळ्यांच्या मध्ये हरवला.

निष्कर्ष :

१. ध्वनिमुद्रिकांची संख्या हा एखाद्या वादकाच्या सांगीतिक योगदानाचा विश्वासार्ह निकष ठरत नाही.

२. हॉटेलांतील वाद्यवृंद ही चित्रपटसंगीताला प्रशिक्षित वादक पुरवणारी एक महत्त्वाची अनौपचारिक संस्था होती.

३. अशा कलावंतांच्या अभ्यासासाठी वृत्तपत्रांतील जाहिराती, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, हस्तलिखित स्वरलेखन आणि सहवादकांच्या मुलाखती ही साधने तबकडीइतकीच मोलाची मानावी लागतील.

कोरिया २०११ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी मुंबईत निवर्तले. त्यांच्या कन्या ख्रिस्टीन कोरिया अमेरिकेत जॅझ गायिका म्हणून कार्यरत आहेत. परंतु प्रत्येक वादकाचा वारसा कुटुंबात टिकतोच असे नाही. ठाणे जिल्ह्यातील व अन्यत्रच्या बॅण्डपथकांत आजही वयोवृद्ध सॅक्सोफोनवादक आहेत. त्यांच्या वह्या आणि आठवणी जतन करण्याचे काम संगीत, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास, कोरिया यांच्या पिढीबाबत जे घडले त्याची पुनरावृत्ती काही अंशी तरी टाळता येईल.