लिहिले गेले, पण नोंद टिकली का?

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिला धडा देतो तो असा : घटना घडली एवढ्याने भागत नाही, तिची नोंद टिकावी लागते. संगणकापुढेही हाच प्रश्न असतो. गुणपत्रक भरून आम्ही एकदा ‘सेव्ह’ केले, पडद्यावर काम झाल्याची खूण उमटली आणि लगेच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केला, तर शेवटचे गुण नाहीसे झालेले! मग ती खूण खोटी होती काय?

याचे उत्तर ‘कर्नल’मध्ये, म्हणजे संगणकाची यंत्रणा आणि आपले प्रोग्राम यांच्यामधील मूळ व्यवस्थेत आहे. डिस्क संथ असते. म्हणून कर्नल मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतो, ‘लिहिले’ असे कळवतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. लिनक्समध्ये ही सवड सामान्यतः ३० सेकंदांच्या आसपास असते. तेवढ्यात वीज गेली, तर मजकूरही जातो. पैशांच्या व्यवहारांना ही जोखीम परवडत नाही. त्यांच्यासाठी ‘सिंक्रोनस’ लेखनाची सोय आहे : मजकूर डिस्कवर पोहोचेपर्यंत ‘लिहिले’ म्हणायचे नाही.

नियम सोपा, अंमल मात्र गुंतागुंतीचा होता. फाइली साठवण्याच्या पद्धती अनेक आणि डिस्कवर उतरवण्याचे काम कर्नलमध्ये ठिकठिकाणी विखुरलेले. २००९ मध्ये विकासकांनी त्यासाठी एक सामायिक वाट आखली. आधी नेहमीसारखे लिहायचे. मग तेवढाच भाग ‘एफसिंक’ या, फाइल डिस्कवर पक्की करणाऱ्या, जुन्याच सोयीकडे सोपवायचा. एकाच कामाच्या दोन रीती उरल्या नाहीत.

फेब्रुवारी २०१० मधील २.६.३३ या आवृत्तीत आणखी एक उणीव दूर झाली. तोवर ‘ओ-सिंक’ मागितले, तरी बहुतेक पद्धती मजकूर आणि तो पुन्हा वाचण्यापुरती माहितीच पक्की करीत; फाइल केव्हा बदलली यासारखी नोंद मागे राहू शके. आता पूर्ण हमी मिळू लागली. जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून जुन्या सांकेतिक अंकाला ‘ओ-डीसिंक’ हे त्याच्या खऱ्या वर्तनाचे नाव मिळाले आणि ‘ओ-सिंक’साठी नवा अंक ठरला.

ही हमी फुकट नसते. प्रोग्रामला थांबावे लागते, वेग घटतो. म्हणून प्रत्येक फाइलीसाठी ती मागू नये. परंतु जी नोंद हरवल्यास कुणाचे गुण, पगार वा हक्क बुडतील, तिच्यासाठी ती मागितलीच पाहिजे. संगणकक्षेत्रात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.